भारमान ९० टक्के, उभे २२

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर आपण काढलेली करिअर पुरवणी मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. निवृत्त माणसाला वेळ असतो. अभियांत्रिकी, वैद्यकीय, फार्मसी, विधी, अगदी हॉटेल मॅनेजमेंटलाही पानभर जागा आहे. सामाजिक शास्त्रं मात्र शेवटून दुसऱ्या पानावर, एका जाहिरातीच्या पोटात, 'कला शाखेतील पर्याय' अशा चौकटीत चार वाक्यांत आटोपली आहेत. जागा कमी दिली याची तक्रार नाही, आमच्या गाडीतही शेवटच्या बाकावर बसणारे असतातच. तक्रार त्यातल्या दोन वाक्यांबद्दल आहे. 'या विषयांसाठी पाठांतर चांगले हवे' हे एक, आणि 'सोबत स्पर्धा परीक्षेची तयारी करता येते' हे दुसरं.

मी एसटीत ३१ वर्षं वाहक होतो. बहुतेक सगळी नोकरी मंगळवेढा तालुक्यात आणि आजूबाजूला झाली. शिक्षण म्हणाल तर एफवायबीए, तेही अर्थशास्त्रात गचकलेला. तेव्हा हे काही तज्ज्ञाचं पत्र नाही. पण माझ्या धाकट्या मुलीने गेल्या वर्षी बारावी कला करून पुण्यात बीएला प्रवेश घेतला, अर्थशास्त्र मुख्य आणि जोडीला समाजशास्त्र. बारावीचा शेवटचा पेपर ते कॉलेजचा पहिला दिवस या मधल्या दिवसांत तिने काय तयारी केली ते मी ओट्यावर बसून पाहिलंय. थोडाफार त्या तयारीचा कच्चा माल मीच होतो.

दहावीला तिला ८९ टक्के होते. अकरावीच्या प्रवेशाला खिडकीतल्या माणसाने फॉर्म दोनदा उलटसुलट केला आणि विचारलं, "शाखा चुकून लिहिली का?" थोरल्या वहिनींना वाटलं, समाजशास्त्र म्हणजे समाजसेवा. "लग्नाआधी करू दे की, हरकत नाही," म्हणाल्या. मेव्हण्यांनी तर परस्पर तिला कलेक्टर करून टाकलं. हे सगळं बोलणारी माणसं प्रेमाची आहेत म्हणून गप्प बसलो. पण एक गोष्ट लक्षात आली. सायन्सला जाणाऱ्या पोराला कुणी विचारत नाही की बाबा, भौतिकशास्त्र म्हणजे काय. आणि सामाजिक शास्त्र म्हणजे काय, हे मात्र विचारायची गरजच कुणाला वाटत नाही, कारण ते आपल्याला माहीतच आहे असं सगळ्यांना वाटतं.

पेपर संपल्यावर आठवडाभरात पोरगी पुन्हा अंगणात पुस्तक घेऊन येरझाऱ्या घालायला लागली. "मध्य, मध्यक, बहुलक" असे सरासरीचे प्रकार घोकणं चाललं होतं. मी म्हटलं, एवढं काय पाठ करतीस? म्हणाली, कॉलेजात पहिल्यांदा हेच असतं म्हणे. मग मी तिला आमचं भारमान सांगितलं.

भारमान म्हणजे गाडी किती भरली त्याचं गणित. समजा ४४ आसनांची गाडी आहे. सकाळी सातला गावातून तालुक्याला येताना तीत ६६ माणसं, निम्मी शाळा-कॉलेजची पोरं. तीच गाडी लगेच उलटी जाते तेव्हा १३ माणसं. दोन फेऱ्या मिळून ८८ जागा, ७९ प्रवासी. ढोबळमानाने ९० टक्के भारमान. कागदावर गाडी झकास चालली आहे. जादा गाडी द्यायची का, हे ठरवणाऱ्या माणसाला ९० हाच आकडा दिसतो. सकाळी २२ जण लोंबकळत आले आणि दोन पोरी गर्दीला भिऊन मागच्या थांब्यावरूनच घरी परतल्या, हे त्या आकड्यात कुठे आहे? त्या परतलेल्या दोघी तर मोजल्याच गेल्या नाहीत, कारण त्यांनी तिकीटच काढलं नाही.

ती पुस्तक मिटून बसली. जरा वेळाने म्हणाली, "पप्पा, मग कागदावर काय लिहायला पाहिजे?" मी म्हटलं, ते आमच्या पगारात नव्हतं, ते तुम्ही शिका.

तिथून तिची खरी तयारी सुरू झाली असं माझं मत आहे. पाठांतराने ती झाली नसती.

दुसरा धडा तिनेच मला दिला. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, हे आपल्याला माहीत आहेच. त्या आधी मशीनमध्ये मोठ्या माणसाचं फुल तिकीट एकच. बाई असो की बाप्या, छापून येणार 'फुल'. म्हणजे मी ३० वर्षं हजारो बायकांची ने-आण केली, पण माझ्या वेबिलात, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदात, बाई अशी नव्हतीच. सवलत आली आणि त्या दिवसापासून बाई वेगळी मोजली जायला लागली. मी मोठ्या ऐटीत मुलीला सांगितलं की सवलतीनंतर बायका लई वाढल्या, माझ्या गाडीत निम्म्याच्या वर बायका. तिने विचारलं, "वाढल्या हे कशावरून? आधी किती होत्या?" मी म्हटलं, डोळ्यांनी दिसत होत्या की. "डोळ्यांनी किती?" मी गप्प. मग पुढचा प्रश्न, "आणि वाढल्या असतील तर त्या घरात बसणाऱ्या बाहेर पडल्या, का वडापमधून, म्हणजे खासगी जीपमधून, उतरून एसटीत आल्या?" संपादक साहेब, ३१ वर्षं दरवाजात उभा राहिलो, हा प्रश्न मला पडला नव्हता.

माझ्या शेवटच्या काही वर्षांत एका गावाला मुक्कामी गाडी असायची. लहानसं गाव, आमच्या बाजूच्या वस्तीत चाळीसेक उंबरे. मार्चअखेर ती तिथे कागद घेऊन गेली. ज्वारीची काढणी उरकून कणसं मोडायचं काम चाललं होतं. पहिला प्रश्न तिने लिहिला होता, 'घरात काम करणारी माणसे किती?' पहिल्याच घरातल्या गड्याने सांगितलं, "मी एकटा. मंडळी घरीच असते." मंडळी त्याच्या मागे दहा हातांवर ताटांच्या ढिगात बसून कणसं मोडत होती. डोक्याला फडकं, बोटांना चिंध्या बांधलेल्या, कारण ज्वारीचं पातं कापतं. पोरीने इमानदारीने लिहिलं, कामकरी एक.

चाळीस घरांचा हिशेब घेऊन ती घरी आली. कामकरी बायका सहा. मी आणि तिची आई दोघंही हसायला लागलो. तिची आई म्हणाली, "सहाजणींनी सगळ्या शिवाराची ज्वारी काढली होय गं?"

दुसऱ्या खेपेला तिने प्रश्न बदलला. गड्याला नाही, थेट बाईला विचारायचं, आणि काम करता का असं विचारायचंच नाही. विचारायचं, काल उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलं? कागद पुरेना. एका बाईने पहाटे चारपासून सुरुवात केली. शेण काढलं, धार काढली, पाणी भरलं, भाकरी थापल्या, रानात गेले, दुपारी सासूला दवाखान्यात नेलं, परत रानात, संध्याकाळी कडबा वाहिला. एवढं सांगून झाल्यावर म्हणाली, "तसं काल काम असं काही केलं नाही. रविवार होता."

हे वाक्य मुलीने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. पुढे कॉलेजात तिला कळलं की केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये असंच वेळेच्या वापराचं सर्वेक्षण देशभर केलं. तिथेही आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून पुढचे चोवीस तास अर्ध्या अर्ध्या तासाने विचारतात. चार ही वेळ दिल्लीला कुणी सांगितली असेल, याचा मी अंदाज करू शकतो.

सवलतीबद्दल बायकांची उत्तरं तर अफलातून निघाली. एक म्हणाली, आता माहेरी महिन्याला जाते, आधी सणाला जायची. दोघी-तिघी पूर्वी वडापनेच जायच्या, म्हणजे त्या 'वाढल्या' नाहीत, नुसती गाडी बदलली. आणि एकीने सांगितलं, "माझं तिकीट हाफ म्हणून आता बाजाराला मलाच पाठवतात. ते घरी बसतात." आता ही बाई मोकळी झाली म्हणायची का तिचं आणखी एक काम वाढलं म्हणायचं? पोरगी त्यावर आठवडाभर आईशी वाद घालत होती. आई म्हणे मोकळी झाली, बाजारात चार बायका भेटतात. दोघींचंही बरोबर असावं असं मला वाटतं, पण मला कुणी विचारलं नाही.

आकडा कुठून येतो हे पाहायची एकदा सवय लागली की माणूस सुधारत नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास झाला, तेव्हापासून रोज पन्नास आधार कार्डं माझ्या हातून गेली. त्यांतल्या ढीगभर लोकांचा जन्म १ जानेवारीचा, नाहीतर १ जूनचा. एक जून हा शाळेच्या हेडमास्तरांनी लावलेला मुहूर्त, शाळा त्या सुमारास सुरू व्हायची आणि पोरगं बसलं पाहिजे सहा वर्षांत. एक जानेवारी आधारवाल्यांचा, नुसतं साल माहीत असलं की तारीख अशी पडते. मीसुद्धा १ जूनचाच, म्हणून ३१ मेला निवृत्त झालो. आईच्या सांगण्याप्रमाणे माझा जन्म पोळ्याच्या आसपासचा. हे मुलीला सांगितल्यावर तिने २०११च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका उघडली. ती इंटरनेटवर फुकट आहे, गावनिहाय आकडे आहेत. आमच्याच गावचं पान काढून ती आकडे वाचण्याऐवजी पोटातल्या व्याख्या वाचत बसली. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, कमी केलं तर सीमांत. आणि ते सांगणार कोण? दारात आलेल्या गुरुजींना घरचा कर्ता. आता २०२७ची जनगणना येते आहे, या वेळी जातही विचारणार आहेत. आपल्या घरी कोण उत्तर देणार, हे आमच्याकडे आत्ताच ठरलेलं आहे. तो मी नाही.

आता भाषेबद्दल, कारण मराठी माध्यमाची निम्मी पोरं तिथेच कच खातात. तिने इंग्रजी बोलण्याचा क्लास लावला नाही. बालभारतीची अकरावी-बारावीची अर्थशास्त्राची आणि समाजशास्त्राची पुस्तकं मराठीत आहेत तशी इंग्रजीतही आहेत, आणि दोन्हींच्या पीडीएफ फुकट मिळतात. एकच धडा शेजारी शेजारी ठेवून ती वाचायची. मराठीतला माहीत असलेला परिच्छेद इंग्रजीत कसा सांगितलाय ते पाहायचं, आणि शब्दांची वही करायची. त्या वहीत 'मार्जिनल' या एका शब्दापुढे तिने तीन घरं आखली आहेत. अर्थशास्त्रात मार्जिनल म्हणजे आणखी एक नग घेतल्याने पडणारा फरक. जनगणनेत मार्जिनल म्हणजे सहा महिन्यांपेक्षा कमी काम केलेला. समाजशास्त्रात मार्जिनल म्हणजे गावकुसाबाहेर ठेवलेला. डिक्शनरी पाठ करून हे कळलं नसतं. शिवाय वाईच्या विश्वकोशाच्या नोंदी इंटरनेटवर आहेत, आणि स. मा. गर्गे यांनी संपादित केलेला भारतीय समाजविज्ञान कोश सहा खंडांत मराठीत आहे. आमच्याकडच्या वाचनालयात त्याचे सुटे खंड निघाले. कार्डावर शेवटची तारीख फार जुनी होती, ती इथे लिहीत नाही, वाचनालयाच्या बाईंना वाईट वाटेल.

केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटी या प्रवेश परीक्षेचाही तिने विचार केला होता. २०२२ पासून ही परीक्षा आहे आणि ती मराठीत देता येते, हे पुरवणीत यायला हवं होतं. पण त्याबरोबर हेही यायला हवं होतं की विषयांचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या बारावीचा आहे. आमची पोरं शिकतात बालभारतीचं. म्हणजे प्रश्नपत्रिका मराठीत आणि पुस्तक हिंदी नाहीतर इंग्रजीत, असा तो प्रवास आहे. ज्याला जायचंय त्याने अकरावीतच ही पुस्तकं हाताशी घ्यावीत, बारावीनंतर उशीर होतो. आमचा झाला. आणि एक सांगायचं राहिलं. सोलापूरहून तासाभरावर तुळजापूरला आपण सगळे देवीला जातो. तिथे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर १९८६ पासून आहे. मी किती वेळा त्या रस्त्याने डबल बेल मारून गेलो असेन, पण तिथे काय शिकवतात ते कधी विचारलं नाही.

पुण्यात पहिले पंधरा दिवस वाईट गेले. रात्री फोन यायचा. वीस पानं इंग्रजी दिलीत उद्यासाठी, तीन तास झाले, सहा पानं झालीत. वर्गातल्या शहरी पोरी इंग्रजीत फाडफाड बोलतात, मी तोंड उघडत नाही. मला काय सल्ला देता येणार? एवढंच म्हटलं की रात्रीच्या गाडीत प्रत्येक उतारू ओळखायची गरज नसते, कोण कुठं उतरणार एवढं लक्षात ठेवायचं. ते कितपत लागू पडलं देव जाणे. तिने मात्र स्वतःची रीत काढली. पेन्सिल घेऊन वाचायचं आणि शेवटी मराठीत तीन ओळी लिहायच्या. हा माणूस काय म्हणतोय, कशाच्या जोरावर म्हणतोय, आणि कुणाचं खोडतोय. डिसेंबरपर्यंत वीस पानं दीड तासावर आली.

तिचा मामा पिंपळे सौदागरला सोसायटीत वॉचमन आहे. ती रविवारी त्याच्याकडे जेवायला जाते. एकदा वर्गात कळलं की १९१७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी दख्खनच्या खेड्याचा जो बारकाईने अभ्यास छापला, ते खेडं म्हणजे हेच पिंपळे सौदागर. कुणाची जमीन किती, तिचे तुकडे किती, कर्ज किती, शेतीवर घर भागतं का, असं घरोघरी विचारून केलेलं काम. वाटण्या होऊन होऊन जमिनीच्या चिंध्या झाल्या होत्या. आणि पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. त्यांनी दुखण्याचं मूळच वेगळं सांगितलं. नुसती जमीन लहान असणं हा दोष नाही, शेतीला भांडवल नाही आणि रिकामे हात सगळे शेतीवरच पडलेत. उपाय म्हणजे उद्योग वाढवा, म्हणजे शेतीवरचा भार उतरेल. दुखणं एकच, प्रश्न बदलला की औषध बदललं. मामा तिला गेटवर घेऊन उभा राहिला आणि चौदा मजली इमारतींकडे बघत म्हणाला, इथे शेत होतं म्हणतेस? मग म्हणाला, उद्योग आले खरे, माझ्या वाट्याला शिट्टी आली. हे उत्तर कुठल्या निबंधात बसवायचं यावर तिचा विचार चालू आहे.

आता स्पर्धा परीक्षेबद्दल थोडंच बोलतो. माझा पुतण्या सहा वर्षं पुण्याच्या अभ्यासिकेत बसला, त्या पोरांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण तिथे चारांतला एक पर्याय बरोबर असतो. बाजाराला पाठवलेली बाई मोकळी झाली का तिचं काम वाढलं, याला अ, ब, क, ड नाहीत. बीए म्हणजे अभ्यासिकेत बसण्यासाठी काढलेला पास, असं धरून आलेल्या पोराला हा प्रश्न वेळ खाणारा वाटतो. पुरवणीने त्याला तेच सांगितलं.

माझी विनंती मोठी नाही. पुढच्या वर्षीच्या पुरवणीत सामाजिक शास्त्रांना एक पान द्या, आणि ते पान कुठल्या कोर्सला किती पॅकेज यावर घालवू नका. सुट्टीतल्या पोरांना एकच काम द्या. आपल्या गावचं जनगणनेचं पान काढा, त्यातला एक आकडा निवडा, आणि दहा घरी जाऊन तो खरा आहे का ते विचारा. जे येईल ते छापा. पोरांच्या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका असतील, पण वस्तीतल्या कामकरी बायका सहा नाहीत एवढं तरी कळेल.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
मंगळवेढा, जि. सोलापूर

ता. क. मशीन येण्याआधी रोजचा हिशेब जुळावा म्हणून मी प्रत्येक फेरीचे प्रवासी आणि रोकड खिशातल्या डायरीत लिहून ठेवायचो. अशा चौदा डायऱ्या लोखंडी पेटीत निघाल्या आहेत. मुलीला कळल्यापासून तिचे रोज फोन येतात, एकही पान फाडू नका, दिवाळीत येते, सवलतीच्या आधीचा आकडा मिळाला म्हणून. बायका मीही कधी वेगळ्या लिहिल्या नव्हत्या, हे तिला अजून सांगितलेलं नाही.